भिंतीपलीकडची तालीम

गावोगावच्या जत्रांमधून खेळ करत फिरणारी एक मंडळी होती. त्या मंडळीत सुभाना नावाचा एक उंच माणूस होता. खरं तर तो उंच नव्हता. चारचौघांपेक्षा थोडा बुटकाच होता. पण पायांना लांब बांबू बांधले आणि त्यांवर घोळदार विजार चढवली, की त्याचं डोकं घरांच्या माळवदांवर निघायचं.

मंडळी नव्या गावात शिरली, की सगळ्यांच्या पुढे सुभाना चालायचा. त्याच्या पायाशी ढोल वाजवत हैबती चालायचा. खेळ सुरू झाले की हाच हैबती लाकडी पाळणा फिरवायचा. लोक दारात येऊन मान वर करून सुभानाकडे बघायचे. सुभाना मात्र समोर बघायचा.

वर एक वेगळंच जग होतं. ढोलाचा आवाज खाली राहायचा आणि चुलींचा धूर वर यायचा. कुठे माळवदावर मिरच्या वाळत असायच्या, कुठे झोळीत मूल झोपलेलं असायचं, कुठे एखादी म्हातारी एकटीच कुणाशीतरी बोलत हसत असायची. पाण्याखाली चालावं तसं सगळं तिथे हळू चालायचं. झोपताना सुभानाला कळेनासं व्हायचं, की यातलं आपण पाहिलं कोणतं आणि स्वप्नात आलं कोणतं.

मंडळीची मालकीण ठकूमावशी. तिने त्याला बांबूवर उभं राहायला शिकवलं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "वर दिसलं ते स्वप्न समजायचं. बांबू सोडलेस की तेही सोडायचं. लोक आपल्याला गावात घेतात ते एवढ्याच भरवशावर."

एकदा ही मंडळी एका मोठ्या गावात आली. पावसाळ्याआधीची ही शेवटचीच जत्रा होती. इथे चार दिवस खेळ झाले, तरच पुढचे ओले महिने सगळ्यांच्या पोटाला काही मिळणार होतं.

त्या गावच्या देवराव पाटलांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, जानरावाचं, बोलणं तुटलेलं होतं. कशावरून, ते आता दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. अंगणाच्या मधोमध भिंत घातली होती, तेवढं मात्र सगळ्यांना दिसत होतं.

भर दुपारी सुभाना जानरावाच्या घराजवळ पोचला आणि पुढच्या गर्दीमुळे थोडा वेळ तिथेच अडला. दार बंद होतं. आत अंगणात एक रांजण उभा होता आणि रांजणाच्या डोक्यावर तांबडं पागोटं होतं, पाटील घालत तसंच. जानराव रांजणासमोर उभा होता. त्याने हात जोडले, काहीतरी बोलला, मग मान हलवून मागे सरला. पुन्हा पुढे आला, पुन्हा हात जोडले. एकदा तर तो रांजणावर रागावला आणि पाठ फिरवून निघून गेला. थोड्या वेळाने परत आला आणि रांजणावरचं कललेलं पागोटं हळूच सरळ केलं. त्याचं वर लक्षही गेलं नाही.

सुभाना खेळवाला होता. तालीम त्याने लगेच ओळखली. हा माणूस भावाची माफी मागायला शिकत होता.

संध्याकाळी पाटलांनी सुभानाला चावडीवर बोलावलं. बांबू सोडून आलेला सुभाना पाहून त्यांना हसू आलं.

"अरे, तू एवढाच?"

"खाली एवढाच, पाटील."

"जानरावाच्या भिंतीवरून तुझं डोकं जाताना पाहिलं मी. आत काय चाललंय?"

सुभाना पायांवरचे दोरीचे वळ चोळू लागला.

"रोज दुपारी दार लावून घेतो तो. आमच्या वडिलांनी अंगणात काही पुरलं होतं म्हणतात. तेच खणतोय ना?"

"मला वर स्वप्नं पडतात, पाटील. त्यांतलं काय सांगू?"

"स्वप्न तर स्वप्न. तेच सांग."

"ते दुसऱ्याच्या अंगणातलं आहे."

पाटलांचं हसू मावळलं. "जत्रेचा माळ माझ्या शब्दावर मिळतो. उद्या दुपारपर्यंत आठवलं तर खेळ लावा. नाही आठवलं तर गाड्या जुंपा."

ही गोष्ट माळावर पोचली तेव्हा पाळण्याचे खांब अर्धे उभे राहिले होते. हैबतीने हातातली पहार खाली टाकली.

"काय दिसलं ते वाईट आहे का रे?"

"वाईट नाही."

"मग सांगून टाक की. चांगलं सांगायला तुझ्या बापाचं काय जातं? इथे सगळ्यांचं पोट अडलंय आणि हा आपला शहाणा झालाय."

हाच विचार सुभानाच्याही मनात दहा वेळा येऊन गेला होता. एक वाक्य बोललो तर माळही मिळेल आणि कदाचित भाऊही एक होतील. पण त्याला आपले शिकण्याचे दिवस आठवत होते. गाडीमागे तो पुन्हा पुन्हा पडत होता आणि ठकूमावशीने मध्ये चादर बांधली होती, कुणाला ते दिसू नये म्हणून. तेव्हा एक जण जरी हसला असता, तरी तो परत बांबूवर चढला नसता. आणि जानराव रांजणाला नमस्कार करतो, ही बातमी चावडीवर गेली तर हसणारा एकच नसता.

त्याने ठकूमावशीकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग असं मी म्हणणार नाही. नको सांगू असंही म्हणणार नाही. पाय तुझे आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. सुभाना काही चावडीवर गेला नाही. ठकूमावशीने सगळ्यांच्या आधी स्वतःचं गाठोडं गाडीवर टाकलं. मग बाकीच्यांनीही मुकाट्याने सामान भरलं.

आलो तसं जायचं, ही मंडळीची रीत होती. सुभाना बांबू बांधून पुढे निघाला. हैबतीने मात्र ढोल वाजवला नाही. ढोलाशिवाय चालताना सुभानाला वाटलं, आपण झोपेतच चाललो आहोत आणि गाव खालून वाहत मागे जातंय.

दुपार कलली होती. त्याची लांब सावली जानरावाच्या अंगणात उतरली आणि रांजणावर पडली. जानरावाने दचकून वर पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"कधीपासून बघतोयस?"

"काल येताना दिसलं. आता जाताना दिसतंय."

"दादाला सांगितलंस?"

"नाही. त्यांनी विचारलं होतं. म्हणून तर निघालोय."

भिंतीबाहेरून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. एकामागून एक गाडी जात होती. जानराव रस्त्याकडच्या भिंतीजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तू खेळवाला माणूस आहेस. कसं होतंय ते तरी सांग. कुठेतरी चुकतंय."

"बोलणं फार आहे, मालक," सुभाना म्हणाला. "पागोटं सरळ करता, तेवढं मात्र छान वठतं."

इतकं बोलून तो पुढे गेला.

जानरावाने दुपारचं बंद दार उघडलं आणि तो तसाच अनवाणी थोरल्या भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. पाटील घाईघाईने बाहेर आले. त्यांचं पागोटं एका बाजूला कललं होतं आणि त्याला चुना लागला होता. पाठ केलेला एकही शब्द जानरावाला आठवेना. त्याने हात पुढे केला, चुना झटकला आणि पागोटं सरळ केलं. पाटलांनी त्याचा तो हात धरून ठेवला.

मंडळी ओढ्यापर्यंत पोचली होती. सुभाना बांबू सोडून गाडीत टाकत होता, तेवढ्यात पाटील धापा टाकत आले. ठकूमावशीला म्हणाले, "बाई, गाड्या वळवा. माळ तुमचा." हैबतीने पहिल्या गाडीचे बैल माघारी फिरवले.

पाटील मात्र गेले नाहीत. ते सुभानाजवळ आले आणि कुणी ऐकत नाही असं पाहून म्हणाले, "तिकडचं तुला दिसलं, तर इकडचंही दिसलं असेल. माझ्या अंगणातलं."

"वरचं मी खाली आणत नाही, पाटील."

आदल्या दिवशी अशाच उत्तराने पाटलांना संताप आला होता. आज त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कारण रोज दुपारी उपड्या घमेल्यावर चढून, त्या मधल्या, चुना दिलेल्या भिंतीला कान लावून, शब्द कळत नसले तरी भावाचा आवाज ऐकत आपण उभे असतो, ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं त्यांना इतके दिवस वाटत आलं होतं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला दिसलं, म्हणून ते आपल्या मालकीचं होत नाही. चांगल्या हेतूनेही ते उचलून नेऊ नये. ज्याचं त्याला स्वतःच्या पायांनी नेऊ द्यावं.