कोतवालाने दाखवलेलं अस्वल

फार फार पूर्वी एका डोंगरावरच्या रानात अस्वलं भारी वाढली. मोहाची फुलं त्यांना पुरेनात, म्हणून ती गावात शिरू लागली आणि दोन माणसं जखमी झाली. चिडलेलं गाव सगळ्याच अस्वलांच्या जिवावर उठलं. तेव्हा कोतवाल पक्षी मध्ये पडला. "वर्षाला एकच अस्वल मारा," तो गावच्या शिकाऱ्याला, चैतूला म्हणाला. "म्हातारा, एकटा नर. कोणता ते मी दाखवीन. पिल्लांच्या आईला मात्र हात लावायचा नाही."

"आणि तू चुकलास तर?" एका म्हाताऱ्या अस्वलिणीने विचारलं.

"मी? रानात माझ्याइतकी तीक्ष्ण नजर आहे कोणाची?" कोतवाल हसला.

नियम चांगला होता. दोन वर्षं गावात कोणाला ओरखडाही आला नाही, आणि रानातली बाकीची अस्वलंही निर्धास्त झाली. तिसऱ्या वर्षी कोतवालाला नाल्याकाठी एकटंच फिरणारं थोराड अस्वल दिसलं. त्याने शीळ घातली. चैतूचा बाण सुटला. अस्वल कोसळलं, तशी मागच्या कपारीतून दोन पिल्लं धावत आली आणि आईच्या पाठीवर चढून बसली.

चैतूने धनुष्य खाली ठेवलं. "तू शीळ घातलीस म्हणून सोडला रे मी," तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवसापासून कोतवाल पिल्लांच्या पुढे पुढे उडत त्यांना खायला वाळवीची वारुळं दाखवू लागला. भुकेली पिल्लं वारुळापाशी बसून त्याच्याकडे बघत राहायची. वारूळ कुठे आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं. ते उकरायचं कसं, हे त्यांच्या आईला येत होतं.