रिकाम्या पुलावरची धडधड

एकदा एक तरुण अभियंता एका आडवळणाच्या तालुक्यात बदलून आली. निवेदिता कडलग तिचं नाव. पावसाळा संपला की तालुक्यातल्या प्रत्येक पुलाची पाहणी करायची आणि तो वाहतुकीस योग्य आहे की नाही, हे आपल्या सहीनिशी शासनाला कळवायचं, हे तिचं काम. सही लहानशीच असते. पण तिच्या भरवशावर माणसं डोळे मिटून नदी ओलांडतात, याची तिला जाणीव होती. म्हणून तिने निवृत्त झालेल्या एका वृद्ध अभियंत्याला विनंती केली, की पहिल्या वर्षी आपण माझ्याबरोबर या, मला शिकवा. सारं खातं त्यांना नाना म्हणत असे. तीसेक वर्षं त्यांनी याच नद्यांवर काढली होती. ते आले, पण शिकवत काहीच नव्हते. पुलाखाली जात, बघत, परत येत. निवेदिता हातोडीने दगड वाजवून पाही, भेगा मोजी, टिपण करी. नाना नुसते मान हलवत.

अशा रीतीने सतरा पूल झाले. अठरावा पूल मोठा होता. पाच दगडी खांब जुने, त्यांवरचा काँक्रीटचा रस्ता नंतरचा. पलीकडच्या नऊ गावांना बाजार, शाळा, दवाखाना, सारं याच पुलावरून. निवेदिताने दीड दिवस खपून पाहणी पुरी केली. दोष सापडला नाही. खात्याच्या नोंदवहीत मागच्या वर्षीची नोंद पाहावी म्हणून तिने पानं उलटली. शेवटचं वाक्य होतं : ‘गाडी जाताना सांध्यावर येणारा आवाज नेहमीचा.’ त्याच्या आदल्या वर्षी तेच वाक्य. त्याच्याही आदल्या वर्षी तेच. तिने तेवीस वर्षं मागे पाहिलं. अक्षरं बदलली होती, सह्या बदलल्या होत्या, वाक्य तेच होतं. पण आवाज तिनेही ऐकला होता. गाडी सांध्यावरच्या लोखंडी पट्टीवरून गेली की धड-धड असे दोन ठोके येत. कुठल्याही पुलावर येतात. तिने तेच वाक्य आपल्या नोंदीत उतरवलं आणि सही करण्यापूर्वी कागद नानांपुढे ठेवला.

नानांनी तो वाचला. बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, “निवेदिता, पुलावरची सगळी वाहतूक तासभर बंद कर.”

“कशासाठी नाना? काही दिसलं का तुम्हाला?”

“काही दिसलं नाही.”

“मग?”

“बंद कर. गाड्या, सायकली, पायी चालणारे, शेळ्यामेंढ्यासुद्धा. एक जीव पुलावर नको.”

दिवस बाजाराचा नव्हता, तरी सकाळचे दहा वाजलेले. कारण विचारलं तर सांगायचं काय, हा प्रश्न तिला पडला. पण तिने नानांना बोलावलं होतं ते शिकायला. अलीकडच्या टोकाला हवालदार उभा केला, खात्याच्या गाडीतून ते पलीकडे गेले आणि त्या टोकाला मुकादम उभा केला. दोन्ही बाजूंना गाड्या साचू लागल्या. एसटी थांबली, दुधाचा टँकर थांबला. हॉर्न वाजू लागले. आणि नाना? ते काठी टेकत नदीत उतरले, काठालगतच्या एका खडकावर पुलाकडे पाठ करून बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

निवेदिताला शरमल्यासारखं झालं. वर दीडशे माणसं खोळंबलेली आणि ज्यांच्या शब्दाखातर हे केलं, ते पुलाकडे बघतही नव्हते.

हळूहळू हॉर्न थांबले. चालकांनी इंजिनं बंद केली. लोक झाडांच्या सावलीला गेले. ऊन स्वच्छ होतं, वारा अजिबात नव्हता. नदीचा खळखळाट तेवढा उरला. निवेदिता खडकाशेजारी उभी होती.

धड... धड.

तिने वर पाहिलं. पुलावरून गाडी गेली होती. सांध्यावरचा तोच आवाज. तिने चिडून मुकादमाला फोन लावला. “गाडी का सोडलीत तुम्ही?”

“नाही सोडली बाई.”

“मग हवालदारांनी सोडली असेल.”

“बाई, मला इथून सगळा पूल दिसतोय. चिटपाखरू नाही त्यावर.”

धड... धड.

फोन तिच्या कानालाच होता. पलीकडून मुकादम दबक्या स्वरात म्हणाला, “बाई, आत्ता काय गेलं हो?”

भर उन्हात, मोकळ्या आभाळाखाली, रिकाम्या पुलावरून कोणी तरी जड गाडी घेऊन चाललं होतं. घाई नाही, गडबड नाही. दहा-बारा सेकंद शांतता, आणि मग पुन्हा ते दोन ठोके. जणू एकच गाडी, जी पूल ओलांडतच राहते आणि पलीकडे कधी पोचत नाही. निवेदिता नकळत दोन पावलं मागे सरली.

“घाबरू नकोस,” नाना डोळे न उघडता म्हणाले. “तुझं दुर्बिणीचं यंत्र लाव. आवाज तिसऱ्या खांबाकडून येतोय, तिथे बघ.”

तिने यंत्र उभं केलं. तिसरा खांब भर प्रवाहात होता. त्यावर पाहणीच्या वेळी खडूने मारलेली तिचीच खूण तिने काचेतल्या रेषेवर आणली आणि पाहत राहिली. खूण रेषेवरून सरकली. केसभर. ती परत जागेवर आली आणि त्याच क्षणी वरून आवाज आला : धड... धड. पुन्हा सरकली, पुन्हा आली, पुन्हा आवाज. चाळीस हात उंचीचा तो दगडी खांब पाण्याच्या रेट्यासरशी कलत होता, सावरत होता. त्याच्यावरचा रस्ता दर वेळी किंचित उचलला जाऊन पुन्हा बैठकीवर आपटत होता.

“नाना, हा खांब उभा नाहीये,” ती पुटपुटली. “हा डुलतोय.”

नानांनी आता डोळे उघडले.

“बैस,” ते म्हणाले. “नोंदवहीतलं ते वाक्य पहिल्यांदा कोणी लिहिलं, पाहिलंस का?”

“तेवीस वर्षांच्या मागे मी गेले नाही.”

“अजून एक पान मागे गेली असतीस, तर माझी सही दिसली असती. मी लिहिलं तेव्हा ते खरं होतं. गाडी जायची तेव्हा आवाज यायचा, गाडी गेली की थांबायचा. माझ्यानंतर आला त्याने गाडी जाताना ऐकलं, त्यालाही तोच आवाज आला. त्याच्या पुढच्यालाही. कधीतरी नदीने खांबाखालची माती न्यायला सुरुवात केली आणि पूल आपल्या तोंडाने बोलू लागला. पण त्याचं बोलणं आणि गाड्यांचं बोलणं इतकं सारखं, की कोणालाच वेगळं ऐकू आलं नाही. खोटं वाक्य एखाद्या दिवशी पकडलं जातं ग. जे एकदा खरं होतं, त्याला पुन्हा कोणी हात लावत नाही. आणि आपल्या हाती शासनाने दिलं आहे काय? यंत्रं सगळ्यांकडे असतात. आपल्याला दिला आहे तो थांबवण्याचा अधिकार. तेवीस वर्षांत तो कोणी एक तासही वापरला नाही. निवृत्त होईपर्यंत मीही नाही.”

ते एवढंच बोलले. वर कोणीतरी जोरात ओरडत होतं. तास उलटून गेला होता.

निवेदिताने वरिष्ठांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “भेगा आहेत?” “नाहीत, सर.” “दगड निखळलेत?” “नाहीत.” “मग एका आवाजावर नऊ गावांचा रस्ता बंद करणार? वळसा सत्तावीस किलोमीटरचा आहे, माहीत आहे ना? उद्या काही निघालं नाही, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.”

“हो सर,” ती म्हणाली. “आणि निघालं, तरी मलाच द्यावं लागेल.”

“लेखी पाठवा,” एवढं म्हणून वरिष्ठांनी फोन ठेवला.

ती वर आली तेव्हा लोकांनी तिला घेरलं. सर्वांत पुढे मारुती खेमनर होता, पलीकडच्या गावचा. त्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर त्याची आई आडवी झाली होती, चेहरा सुजलेला. “बाई, आठवड्यातनं दोनदा आईला डायलिसिसला न्यावं लागतं,” तो म्हणाला. आवाज चढलेला होता, पण डोळ्यांत राग कमी आणि भीती जास्त होती. “आज उशीर झाला. आणि आता ऐकतोय, कायमचाच बंद? सत्तावीस किलोमीटर त्या खड्ड्यांतनं हिला कशी नेऊ? तुमच्या कागदापायी माझी आई मरायची!”

तो म्हणत होता ते चूक नव्हतं. पूल चालू ठेवण्यात जशी माणसं होती, तशी बंद करण्यातही होती, आणि ती अशी समोर उभी राहून बोलत होती.

“माझ्याबरोबर खाली या,” निवेदिता म्हणाली. “पाच मिनिटं. मग तुम्हीच सांगा.”

मारुती उतरला. त्याच्यामागून एसटीचा चालक, दोन दूधवाले, शाळेचे एक मास्तर उतरले. खाली गेल्यावर कोणी कोणाला गप्प बसा म्हटलं नाही. नदी वाहत होती. धड... धड. मारुतीने झटकन वर पाहिलं. धड... धड. एसटीच्या चालकाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. रोज सहा वेळा तो या पुलावरून जात होता.

“किती दिवसांपासून?” मारुतीने विचारलं.

“माहीत नाही,” निवेदिता म्हणाली. “आजच्या आधी कोणी ऐकलं नव्हतं.”

मारुती वर गेला आणि त्याने जीप वळवली. निवेदिताने वाट दाखवायला खात्याची गाडी जीपच्या पुढे घातली आणि मुकादमाला सांगितलं, की पर्यायी व्यवस्था होईपर्यंत आठवड्यातून दोनदा ही गाडी खेमनरांच्या आईसाठी जाईल. त्या वाटेवरचे खड्डे उद्यापासून भरायला घ्या. दोन्ही टोकांना दगड रचले गेले, लाल फलक लागले.

चौथ्या दिवशी पाणबुड्या आला. तिसऱ्या खांबापाशी तो खाली गेला आणि बऱ्याच वेळाने वर आला. काठावर बसून राहिला. नानांनी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. “काय होतं खाली?” निवेदिताने विचारलं.

“बाई, खांबाच्या खाली हात घातला,” तो म्हणाला, “तर पलीकडनं बाहेर आला.”

खांबाभोवती जायची कोणाची छाती होईना. दुरुस्तीचं काम पाणी उतरल्यावर घ्यायचं ठरलं. पूल रिकामा राहिला आणि आवाज चालू राहिला. आता गाड्या नव्हत्या, त्यामुळे तो दोन्ही काठांवरच्या घरांत ऐकू येई. जेवताना येई, आरतीच्या वेळी येई. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका जागा बदलून लांब गेल्या. म्हातारी माणसं ओट्यावर बसून ठोके मोजत. भीती अशी कोणी बोलून दाखवत नव्हतं. पण पुलाकडे पाहून कोणी मोठ्याने बोलेनासं झालं होतं. या गाडीत कोण बसलंय, असं एकदा एका मुलीने विचारलं, तेव्हा तिच्या आईने तिला घरात ओढून घेतलं. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. आपणच.

बाराव्या दिवशी भल्या सकाळी निवेदिता उठते न उठते तोच मारुतीचा फोन आला.

“बाई, आवाज थांबला.”

“पडला का पूल?”

“कळत नाही. धुकं दाट आहे, काही दिसत नाही. पडल्याचा आवाज कोणालाच आला नाही. आम्ही झाडून सगळे उठलो ते एकदम शांत झालं म्हणून.”

ती आणि नाना तासाभरात पोचले. दोन्ही काठांवर माणसं उभी होती. अलीकडच्यांना पलीकडचे दिसत नव्हते. नऊच्या सुमारास धुकं विरू लागलं. आधी पहिला खांब दिसला, मग दुसरा. मग नुसतं पाणी. त्यानंतर चौथा. तिसरा खांब आणि त्यावरचा रस्ता नदीने कोणालाही न उठवता आपल्या पोटात घेतला होता. पाण्यावर साधा भोवराही नव्हता.

एसटीचा चालक खाली बसला आणि त्याने तोंड ओंजळीत झाकलं. निवेदिताला वाटलं होतं, आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान वाटेल. तसं काही वाटलं नाही. त्या मोकळ्या जागेतून पलीकडच्या काठावरची माणसं आता स्पष्ट दिसत होती : मास्तर, दूधवाले, दप्तरं घेतलेली पोरं, आईला आधार देऊन उभा असलेला मारुती. ती एकेकाकडे बघत राहिली. सगळी होती.

नाना तिच्या शेजारी उभे होते.

ज्याच्या हाती थांबवण्याचा अधिकार असतो, त्याच्या कामाची खूण कुठे दिसत नाही. ती फक्त संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसांत असते.