बोटभर डावीकडे

फार वर्षांमागे, दोन टेकड्यांच्या मध्ये वसलेल्या एका गावात एक नेमबाज राहत असे. त्याचे घर गावाच्या अगदी शेवटी होते आणि तिकडे जाणारी पायवाट गवताने जवळजवळ बुजली होती. घरातल्या फडताळात चहाचे दोन पेले होते. एक रोज विसळला जाई. दुसरा पाच वर्षे पालथाच होता.

त्या गावच्या जत्रेत दरवर्षी हवेच्या बंदुकीची स्पर्धा होई. देवळापुढच्या दीपमाळेला दोऱ्यांनी सुपाऱ्या टांगत, आणि तीस पावलांवरून पाच छर्ऱ्यांत जो सर्वांत अधिक सुपाऱ्या उडवी, तो मानाच्या फेट्याचा धनी ठरे. मात्र तो फेटा त्याच्या डोक्याला बांधायचा, तो त्याचे छर्रे ओतणाऱ्यानेच. नेम एकाचा, शिसे दुसऱ्याचे, म्हणून मान दोघांचा, असे गाव मानत असे. आणखीही एक नियम होता. लागोपाठ तीन वर्षे हरणाऱ्याने पुन्हा बंदूक घेऊन दीपमाळेसमोर उभे राहायचे नाही.

नेमबाजाचे छर्रे पूर्वी गावातला ओतारी ओतत असे. दोघे लहानपणापासूनचे मित्र होते आणि फडताळातला दुसरा पेला त्याचाच होता. पाच वर्षांपूर्वी ओताऱ्याने नवा साचा घडवला. छर्ऱ्यांचा बटवा हाती देताना तो म्हणाला होता, "साचा नवा आहे. आधी घरी पाच उडवून बघ, मग जत्रेला ये."

नेमबाजाने एकही उडवून पाहिला नाही. जत्रेत त्याचा पहिलाच छर्रा सुपारीच्या डावीकडून निघून गेला. त्याने बंदूक खाली ठेवली आणि उरलेले चार छर्रे न उडवताच साऱ्या गावादेखत म्हटले, "शिशात भेसळ आहे."

ओतारी गर्दीतून वाट काढत निघून गेला आणि पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही.

तेव्हापासून नेमबाज शहरातून छर्ऱ्यांच्या डब्या आणू लागला. त्या जत्रेनंतर दोन वर्षांनी नशिबाने तो जिंकलाही. पण फेटा बांधायला कोणी पुढे येईना. डबीवर छापलेल्या वाघाला बोलवायचे का? त्याने फेटा घडी करून काखेत धरला आणि तसाच घरी नेला. पुढची दोन वर्षे तो हरला. या वर्षी हरला असता, तर वर्षातला जो एक दिवस गाव त्याच्याकडे पाहत असे, तोही गेला असता.

म्हणून या खेपेस त्याने तीन निरनिराळ्या डब्या आणल्या. एकेक छर्रा काचेवरून घरंगळवून पाहिला. जो वाकडा घरंगळला, तो बाजूला टाकला. मग परसात वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून त्याने प्रत्येक डबीतला एकेक छर्रा तीस पावलांवरच्या भिंतीला लावलेल्या कागदावरच्या ठिपक्यावर उडवला. सोनेरी डबीतला थेट ठिपक्यात बसला.

"ठरले," तो स्वतःशीच म्हणाला.

दूध घालायला आलेली गवळण कुंपणापाशी उभी होती. "काय ठरलं, दादा? भिंत पाडायची?"

"छर्रे ठरले. एकाच बारात मध्यभागी."

"एकाच बारात?" गवळण हसली. "एक दिवस दूध पातळ निघालं म्हणून मी म्हैस विकत नाही, आणि एक दिवस दाट निघालं म्हणून तिच्या गळ्यात हारही घालत नाही. आणखी चार उडवा की."

तिला दाखवण्यासाठी त्याने आणखी चार उडवले. कागदावर पाच भोके पडली, पण फाटक्या पोत्यातून ज्वारी सांडावी तशी. बाकीच्या दोन डब्यांनीही तेच केले. गवळण दूध ओतून निघून गेली. नेमबाजाने तिन्ही डब्या बाजूला सारल्या.

मग तो घरात गेला. पालथ्या पेल्यामागे ओताऱ्याचा जुना बटवा होता. त्यात दहा छर्रे उरले होते, काळपट आणि बिनचकाकीचे. त्याने नवा कागद लावला, बंदूक पिशवीवर टेकवली आणि त्यांतले पाच उडवले.

कागदावर एकच भोक दिसत होते, चिंचोक्याएवढे. पाचही छर्रे त्यातूनच गेले होते. भोक तेवढे ठिपक्याच्या बोटभर डावीकडे होते.

नेमबाज परसातल्या दगडावर बसला. शिसे निर्मळ होते. नव्या साच्याचा छर्रा डावीकडे जात होता, पण दर वेळी तेवढाच. बंदुकीवरची नेम धरायची मागची खाच तिच्या फिरकीने थोडी सरकवली असती की झाले असते. ते कळायला पाच छर्रे पुरले असते, आणि त्याने पाच वर्षे लावली होती.

आता बटव्यात पाचच उरले होते. खाच किती सरकवायची, ते अजमावायला एकही खर्च करून चालणार नव्हता. ते सांगू शकेल असा एकच माणूस गावात होता.

कागद हातात घेऊन तो ओताऱ्याच्या दारी गेला. भट्टीत राख नव्हती. तिच्यात कोंबडी अंडी घालून बसली होती. ओताऱ्याने कागद उजेडाकडे धरला, भोकावरून बोट फिरवले.

"माझेच आहेत," तो म्हणाला.

"हो. भेसळ माझ्या डोळ्यांत होती. मी तुला एका छर्ऱ्यावर तोललं."

"मी पाच म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. खाच किती फिरवू?"

"फिरकी उजवीकडे दीड आटा." ओताऱ्याने कागदाची घडी घातली. "पण आता हात कापतात. भट्टी विझून तीन वर्षं झाली. हे पाच संपले, की संपले."

"फेटा बांधशील?"

ओताऱ्याने घडी घातलेला कागद खिशात ठेवला आणि तो कोंबडीला दाणे टाकायला वळला.

जत्रेच्या दिवशी नेमबाज पाच छर्रे घेऊन उभा राहिला. दीड आटा फिरवलेल्या खाचेतून त्याने एकदाही नेम ताडून पाहिला नव्हता. पहिली सुपारी उडाली. मग दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीही उडाली, आणि बटवा रिकामा झाला.

पुजाऱ्याने विचारले, "छर्रे कोणाचे?"

"ओताऱ्याचे," नेमबाज साऱ्या गावाला ऐकू जाईल असे म्हणाला. "पाच वर्षांपूर्वीचेही त्याचेच होते. तेव्हा शिसे चोख होते. खोटा मी होतो."

गर्दीच्या मागून कोणीतरी सावकाश पुढे आले. ओताऱ्याने कापऱ्या हातांनी फेट्याचे वेढे घालायला सुरुवात केली. फार वेळ लागला. काही लोक पांगलेही. शेवटी फेटा बांधून झाला, तेव्हा तो बोटभर डावीकडे कलला होता.

"सरळ करून घे," ओतारी म्हणाला.

नेमबाजाने फेट्याला हात लावला नाही. गवत वाढलेल्या पायवाटेने तो तसाच घरी निघाला, आणि ओतारी त्याच्या मागे, काठी टेकत. घरी पोहोचल्यावर नेमबाजाने फडताळातला पालथा पेला उचलला. त्याखाली धुळीत एक स्वच्छ वर्तुळ उरले होते.

तात्पर्य: एका चुकीवरून माणसाला टाकू नये. जो नेहमी बोटभर एकाच बाजूला चुकतो, तो भरवशाचा असतो; त्याच्यासाठी आपली खाच सरकवावी, आणि ती वेळेत सरकवावी.