बदकिणीचा जलराज

ही गोष्ट धाकट्या मुलांना सांगायची नाही, असे मला बजावले आहे, कारण ऐकल्यावर ती जेवत नाहीत. तरी सांगते. तुम्ही मात्र शहाण्यासारखी ऐका.

एका रानातल्या तळ्यावर एक बदकीण राहायची. तिला एकच पिल्लू होते. बाकीची अंडी वाया गेली होती. संध्याकाळी तळ्यावर सगळ्या आया जमत. हरिणी म्हणे, "माझं पाडस फार चपळ." रानम्हैस म्हणे, "माझं रेडकू बघा, कसं अंगानं भरलंय." एकदा बदकीण म्हणाली, "माझं पिल्लू आता खोल पाण्यात जातं." त्यावर रानम्हैस रवंथ थांबवून म्हणाली, "पिल्लू होय? पिल्लू तर उंदराचंही असतं, बाई. तुमच्यात वेगळा शब्द नाही का?"

ते बदकिणीच्या फार जिव्हारी लागले. तिने पिल्लाला पंखाखाली घेऊन सांगितले, "आजपासून तू जलराज. कुणी पिल्लू म्हणालं, तर मान वळवायची नाही. ओ द्यायची नाही." पिल्लू गुणी होते. ते तसेच वागू लागले. बेडूक चेष्टेने म्हणत, "अहो जलराज, शेपटीला शेवाळ लागलंय," तेव्हा मात्र ते ऐटीत वळे.

एका सकाळी ते काठाच्या गवताकडे पोहत निघाले. वरून टिटवी ओरडली, "पिल्ला, मागे फीर." पिल्लाने मान ताठ ठेवली. "अरे पिल्ला, ऐक ना." ते पुढेच गेले. बदकीण तळ्याच्या मधोमध होती. तिने दोन्ही हाका ऐकल्या. लेकाची ताठ मान पाहून तिला बरे वाटले. 'शिकू दे टिटवीला नीट नाव घ्यायला,' असे ती मनात म्हणाली. इतक्यात गवत हलले. तिथे मुंगूस दबा धरून बसले होते.

बदकीण पोहोचली, तेव्हा पाण्यावर थोडी पिवळी लव तरंगत होती. "मला त्याचं ते मोठं नाव आठवेना गं," टिटवी रडवेली होऊन म्हणाली. त्यानंतर बदकीण रोज त्या गवतापाशी जाई आणि "पिल्ला, ये रे पिल्ला," अशी हाक मारी. हरिणी आपल्या पाडसाला घेऊन पलीकडच्या काठाने पाणी पिऊ लागली.

तात्पर्य : मुलांना मोठेपणाची अशी सवय लावू नये की, जीव वाचवणारी साधी हाकही त्यांना हलकी वाटेल. आणि मुलांनो, तुम्हालाही कुणी साध्या नावाने हाक मारली, तर रुसण्याआधी… आले, आई, आले.