कडीकुलपातलं गाणं

बाळराजे चार दिवस न्हाले नव्हते! पाचव्या दिवशी दासी ऊन पाण्याचा हंडा घेऊन ताटकळत उभ्या, आणि हा नऊ वर्षांचा राजपुत्र माडीच्या कठड्यावर बसून टाळ्या पिटत गात होता:

न्हाऊ नको रे, न्हाऊ नको,
कारल्याची भाजी खाऊ नको,
गुरुजी आले तर दडून बस,
हाक मारली तर ओ देऊ नको!

खाली अंगणात रणधवलराजे उभे होते. त्यांच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली.

"असलं दळभद्री गाणं आमच्या वाड्यात आणलं कुणी?"

कुणी म्हणजे काय, सगळ्या गावाला ठाऊक होतं. पुतळा कासारीण! ती घरोघर बांगड्या भरायला जायची. बांगडी हाडावर अडली की पोरी भोकाड पसरतात, म्हणून काहीतरी चावट गाणं जुळवून म्हणायची. पोर हसली की बांगडी सरकली. राणीसाहेबांना बांगड्या भरताना बाळराजे शेजारी बसले होते, त्यांनी ते गाणं उचललं आणि वाड्यातून ते गावभर झालं. आता कुणाची कार्टी हाकेला ओ देत नव्हती, आणि झाडून सगळे आईबाप पुतळाच्या नावानं बोटं मोडत होते.

पुतळाला दरबारात उभं केलं.

"तुझ्या गाण्यानं आमचं लेकरू बिघडलं," राजे कडाडले.

पडद्याआडून राणीसाहेब म्हणाल्या, "गाण्याआधी तरी ते कुठं सुखानं न्हात होते?" पण राजेसाहेब चिडले की त्यांना पडद्याआडचं ऐकू येत नसे.

"गाण्यानं बिघडवलंस, आता गाण्यानंच सुधार! आठ दिवसांत बाळराजे आपणहून पहाटे उठले पाहिजेत, न्हाले पाहिजेत, कारलं आपल्या मनानं खाल्लं पाहिजे. कुणी दटावायचं नाही, लालूच दाखवायची नाही. जमलं नाही तर नवव्या दिवशी बांगड्यांची पेटी उचल आणि राज्याच्या बाहेर हो."

बाळराजांचे गुरुजी शास्त्रीबुवा गालातल्या गालात हसले. सदाचारावर त्यांनी स्वतः शंभर श्लोक रचले होते, आणि बाळराजे तिसऱ्या श्लोकालाच घोरायला लागायचे.

पुतळा दरबारातून निघाली. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. अशा पोरीला घेऊन कुठल्या मुलखात जायचं? घरी येऊन ती उंबऱ्यावर बसली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसले, पेटी उचलली आणि कामाला निघाली, कारण सणाचे दिवस होते आणि बायका वाट बघत होत्या.

पहिल्याच घरी सहा वर्षांची एक पोर. पुतळा म्हणाली, "हात सैल सोड." पोरीनं मूठ आवळली.

"बरं, मग आवळ. अजून घट्ट! खबरदार सैल सोडलास तर!"

पोरीनं खुदकन हसून हात सैल सोडला आणि बांगडी सुळ्ळकन आत गेली. तीस वर्षं पुतळा हेच करत आली होती. आज मात्र ती दुसरी बांगडी हातात धरून नुसती बसून राहिली. मग तिनं त्या पोरीचे मटामट मुकेच घेतले.

दुपारी ती दरबारात हजर झाली.

"गाणं झालंय, महाराज. पण ते मी राणीसाहेबांच्या महालात, दाराला कडी घालून, फक्त बायकांपुढं म्हणणार. आणि आधी तुम्ही दवंडी पिटवायची. बारा वर्षांच्या आतल्या कुणी हे गाणं ऐकायचं नाही, म्हणायचं नाही, आणि त्यात सांगितलंय तसं वागायचं तर मुळीच नाही!"

"डोकं फिरलं का तुझं? लेकरासाठी गाणं आणि लेकरालाच बंदी?"

"आठ दिवस माझे आहेत, सरकार."

दवंडी पिटली. महालाला कडी लागली. आत पुतळानं सूर लावला, आणि बाहेरून दाराच्या फटीला एक छोटा कान चिकटला.

कोंबड्याच्या आधी उठायचं गं,
गार गार पाण्यानं न्हायचं गं,
कारलं कचाकचा खायचं गं,
कुण्णाला नाही सांगायचं गं!

चौथ्या दिवशी आचारी तक्रार घेऊन आला. मुदपाकखान्यातली कारली चोरीला जात होती. सहाव्या दिवशी माळी सांगत आला, की मागच्या आडावर भल्या पहाटे कुणीतरी पाणी उपसतंय. राजांनी ठरवलं, चोर आपणच धरायचा. आठव्या दिवशी तांबडं फुटताना ते आडामागे जाऊन उभे राहिले.

बघतात तर बाळराजे! नखशिखांत ओले, दात कडकड वाजतायत, आणि कच्चं कारलं चावताना डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय. वडिलांना बघताच त्यांनी हात पाठीमागे लपवला.

"हातात काय आहे?"

"काही नाही, आबासाहेब."

"आणि तोंडात?"

"साखर."

"केस कशानं भिजले?"

"घाम आलाय."

राजांनी ओठ घट्ट दाबले आणि तिथून काढता पाय घेतला.

त्याच सकाळी पुतळाला बोलावणं गेलं. ती लगबगीनं आली.

"बाई, खरं सांग. काय घातलं होतंस त्या गाण्यात?"

"गाण्यात काय असणार, महाराज? कारलं कडूच होतं आणि पाणी गारच होतं. चव आली ती तुमच्या दवंडीनं."

"वा! म्हणजे तू राहिलीस, बाई. आता कुठं जाऊ नकोस," राजे म्हणाले. मग त्यांनी कपाळाला आठी घातली. "पण ते तुझं जुनं गाणं अजून गावभर चाललंय. त्याच्यावरही बंदी घालू का?"

पुतळानं दोन्ही हात जोडले.

"बंदी तेवढी नको, महाराज. ते शास्त्रीबुवांकडे द्या. रोज सकाळी सगळ्या मुलांनी ओळीत उभं राहून, हात जोडून, अर्थासकट अकरा वेळा म्हणायचं!"

राजे इतके हसले, की पगडी मांडीवर येऊन पडली. पडद्याआडूनही खळखळून हसू ऐकू आलं. शास्त्रीबुवा तेवढे छताकडे बघत बसले. पुतळाला भरजरी साडीचोळी मिळाली, वाड्यावर बांगड्या भरण्याचा कायमचा मान मिळाला, आणि राणीसाहेबांनी तिच्या लेकीसाठी रेशमी बाळंतविडा पालखीतून पाठवला.