हवा नको, आई हवी

एक होती कणी. उंदराचं पिल्लू. तांदळाच्या कणीएवढी, म्हणून कणी.

कणी आईच्या कुशीत निजायची. कडब्याच्या गंजीत, मऊ मऊ. एक दिवस काय झालं? गोरखमामांचा ट्रक आला. माणसांनी कडबा भरला, धप् धप्! एका पेंढीत कणी झोपलेली. पेंढीबरोबर कणीही ट्रकात! ट्रक निघाला. आई राहिली गंजीत.

लांबच्या गावी कडबा उतरला. मामा म्हणाले, "चला, आता परत गंजीवर!" कणी रिकाम्या ट्रकात बसून राहिली. आई भेटणार, आई भेटणार!

पण मधेच, माळावर, ट्रक म्हणाला, खुर्रर्र... खुक्... ठप्प.

मामा उतरले. कपाळाला हात लावून लिंबाखाली बसले. कणी उतरली. तिला फार फार आई आठवली.

तुरुतुरु तुरुतुरु, कणी गेली चाकाकडे.

"चाकदादा, चाकदादा, फिर ना! आई भेटेना. मला आई हवी!"

चाकदादा म्हणाला, "इंजिन गुरगुरेना, मी कसा फिरू?"

तुरुतुरु तुरुतुरु, कणी गेली इंजिनाकडे.

"इंजिनआजोबा, इंजिनआजोबा, गुरगुरा ना! चाक फिरेना, आई भेटेना. मला आई हवी!"

इंजिनआजोबा म्हणाले, "डिझेल येईना, मी कसा गुरगुरू?"

तुरुतुरु तुरुतुरु, कणी गेली टाकीतल्या डिझेलकडे.

"डिझेलभाऊ, डिझेलभाऊ, ये ना! इंजिन गुरगुरेना, चाक फिरेना, आई भेटेना. मला आई हवी!"

डिझेलभाऊ म्हणाला, "माझ्या नळीत हवा शिरली. हवा निघेना, मी कसा येऊ?"

तुरुतुरु तुरुतुरु, कणी गेली नळीतल्या हवेकडे.

"हवाताई, हवाताई, नीघ ना! डिझेल येईना, इंजिन गुरगुरेना, चाक फिरेना, आई भेटेना. मला आई हवी!"

हवाताई म्हणाली, "नळीचा नट सैल झालाय. इकडून निघते, तिकडून पुन्हा शिरते! नट बसेना, मी कशी निघू?"

तुरुतुरु तुरुतुरु, कणी गेली नटाकडे. नट आपला डुगडुग, डुगडुग.

"नटभाऊ, नटभाऊ, घट्ट बस ना! हवा निघेना, डिझेल येईना, इंजिन गुरगुरेना, चाक फिरेना, आई भेटेना. मला आई हवी!"

नटभाऊ म्हणाला, "पाना वळेना, मी कसा बसू?"

तुरुतुरु तुरुतुरु, कणी गेली पेटीतल्या पान्याकडे.

"पानाकाका, पानाकाका, वळा ना! नट बसेना, हवा निघेना, डिझेल येईना, इंजिन गुरगुरेना, चाक फिरेना, आई भेटेना. मला आई हवी!"

पानाकाका म्हणाले, "मामा उचलेनात, मी कसा वळू?"

तुरुतुरु तुरुतुरु, कणी गेली मामांकडे. पाय दुखले, पण गेली.

"मामा, मामा, उठा ना! पाना वळेना, नट बसेना, हवा निघेना, डिझेल येईना, इंजिन गुरगुरेना, चाक फिरेना, आई भेटेना. मला आई हवी!"

मामांनी अर्धंच ऐकलं. 'हवा' ऐकलं, 'हवी' ऐकलं.

"हवा हवी होय? मग आधी नाही का सांगायचं!"

मामांनी पंप काढला. फस् फस् फस्! सगळी चाकं टम्म. मामा घामाघूम. आणि ट्रक? जागच्या जागी! अहो मामा, चाकाला हवा हवी. नळीला हवा नको!

कणीला रडू फुटलं.

"हवा नको, मामा. आई हवी. ती एकटीच आहे गंजीत. मला शोधत असेल."

मामांनी पंप खाली ठेवला. आता कणीचं सगळं नीट ऐकून घेतलं. "अगं बाई, आई होय! पण सैल नट कुठला गं? मला तर दिसेना."

"मी दाखवते!" कणी नळ्यांच्या गर्दीत शिरली. अगदी आत, जिथे मामांचं डोकं जात नाही तिथे. नटावर चढून बसली. "हा बघा, हा!"

मामांनी पाना उचलला. पाना वळला, कर्र कर्र. नट बसला, घट्ट! मामांनी नळीजवळचा दट्ट्या दाबला, फचक फचक. हवा निघाली, फुस्स! डिझेल आलं, सुळ्ळ. इंजिन गुरगुरलं, घुर्रर्र! चाक फिरलं, गरगर गरगर.

आणि आई?

माळ गेला. "आली आई?" "नाही गं."

ओढा गेला. "आता?" "अगं, दम धर की जरा!"

मग गंजी आली. गंजीच्या टोकावर कोण बसलं होतं, रस्त्याकडे बघत? आई! कुठलाही ट्रक वाजला की ती अशीच वर चढायची.

कणीने उडी मारली, टुण्! आईने तिला हुंगलं. पुन्हा हुंगलं. खूप चाटलं.

"कणे, दाणा हवा?"

"नको."

"पाणी हवं?"

"नको."

"मग काय हवं गं माझ्या बाळाला?"

"आता काही नको," कणी म्हणाली, आणि आईच्या पोटाशी शिरली.

गाडी थांबली, कणी निजली, आपली गोष्ट कुशीत शिरली.