थांब्याच्या वीस पावले पुढे

एकदा एक शहर पेचात पडले. पेच नवा नव्हता. माणसे वाढली होती आणि रस्ते तेवढेच राहिले होते. कुणी म्हणे, खांबांवरून मेट्रो न्या. कुणी म्हणे, रस्त्याच्या कडेने रूळ टाकून लाइट रेल धावू द्या. मेट्रोहून लहान आणि स्वस्त. तिसरे म्हणत, आहेत त्या बसगाड्याच वाढवा. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, अशा थाटात तिन्ही पक्ष वर्षभर भांडले, आणि लोक मात्र होते तिथेच खोळंबून राहिले.

अखेर महानगरपालिकेने एका तरुण अभियंत्याचा अभिप्राय मागवला. तो बुद्धिमान होता आणि प्रामाणिकही होता. तीन महिने खपून त्याने वेग, खर्च, धूर, प्रवासी असा सारा विचार करून एक तक्ता सिद्ध केला. त्यात लाइट रेल सरस ठरली. टेकडीवरच्या वस्तीची बस मात्र बंद करावी, असे त्याने खाली लिहिले, कारण तिला प्रवासीच कमी होते.

सही करण्यापूर्वी तो आपल्या वृद्ध गुरुजींच्या पाया पडायला गेला. गुरुजी त्याच वस्तीत राहत. त्यांनी तक्ता शांतपणे वाचला आणि ते म्हणाले, "कष्ट घेतले आहेस. उद्या सकाळी सातला आमच्या थांब्यावर ये."

दुसऱ्या दिवशी शिष्य पोहोचला तेव्हा गुरुजी थांब्याच्या बाकावर बसले होते. शेजारी अनसूयाबाई होत्या. त्या खाली शहरातल्या एका वसतिगृहात स्वयंपाक करत, आणि गुडघे धरल्यामुळे त्यांना फार वेळ उभे राहवत नसे. बस आली. थांब्यासमोर रिक्षा उभ्या असल्यामुळे ती रोजच्यासारखी वीस पावले पुढे जाऊन थांबली. धडधाकट माणसे आधीच तिथे जाऊन उभी होती, ती चढली. अनसूयाबाई निम्म्या वाटेवर असतानाच बस सुटली. त्या परत येऊन बसल्या. गुरुजी जागचे हलले नाहीत.

दुसरी बस आली, तेव्हाही तेच झाले.

"गुरुजी, आपण पुढे जाऊन उभे राहू या ना," शिष्य म्हणाला. "सगळे तसेच करतात."

"बैस," गुरुजी म्हणाले.

अनसूयाबाईंनी कपाळाला हात लावला. "आज काय खरं न्हाई माझं. आठला पोचले न्हाई तर दुसरी बाई लावीन म्हनलाय सायेब."

तिसरी बस आली. अनसूयाबाई उठल्या आणि गुरुजींकडे पाहू लागल्या, पण गुरुजी मख्खच! शिष्याचा संयम सुटला. तो धावत जाऊन बसच्या पुढ्यात उभा राहिला, त्याने ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या, बाईंना हाताला धरून आणले आणि त्या उंच पायरीवर कसेबसे चढवले. बस गेली. तो धापा टाकत परतला आणि संतापून म्हणाला, "तुम्ही एक हाक मारली असती तर? तुमचे मन इतके कठोर कसे झाले?"

गुरुजी हसले. "अरे, रोज मीच आडवा जातो. त्याचसाठी येतो इथे. आज मुद्दाम बसून राहिलो. तुझ्या तक्त्यात या बसला प्रवासी कमी आहेत, ते खोटे नाही. पण तू गाडीत बसलेले मोजलेस, बाकावर राहिलेले नाही मोजलेस."

शिष्य ओशाळला. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे लाइट रेलच हवी, गुरुजी! ती फलाटालाच लागते. पुढे जाऊन थांबणार नाही, आणि पायरी चढायला नको."

"हवीच. मोठ्या रस्त्यावर गर्दी आहे, तिथे ती शोभेल. पण या चढावर येणार आहे का?"

"नाही."

"मग अनसूयाबाईंनी तिच्यापर्यंत कशाने जायचे? तू आधी गाडी निवडलीस आणि मग तिच्यासाठी माणसे शोधलीस. उलटे करून बघ. जो सर्वांत सावकाश चालतो, त्याला त्याच्या दारापासून कामापर्यंत ने. कुठे रूळ लागतात आणि कुठे चाके, ते तोच तुला सांगेल."

त्या आठवड्यात अभियंत्याने नवा अभिप्राय दिला. मोठ्या रस्त्यावर लाइट रेल व्हावी, टेकडीची बस राहावी आणि ती लाइट रेलच्या स्थानकाला जोडावी. आणि रूळ पडण्याआधी प्रत्येक थांब्याला बसच्या पायरीइतका उंच ओटा बांधावा, रिक्षांना वेगळी जागा द्यावी.

"ओटे बांधायला अभियंता कशाला हवा?" एका सभासदाने टोमणा मारला.

"खरे आहे," तो म्हणाला. "गवंडी पुरेल. पण थांब्यावर बसून पाहायचे माझे काम होते, आणि मी ते केले नव्हते." बरीच कुरकुर झाली, पण ठराव मंजूर झाला.

रूळ यायला अजून अवकाश आहे. टेकडीवरचा ओटा मात्र तयार झाला. एका सकाळी अभियंता तो पाहायला गेला. बस आली आणि ओट्याला लागून उभी राहिली. अनसूयाबाई कुणाचाही हात न धरता आत गेल्या आणि खिडकीशी बसल्या. त्याला फार बरे वाटले. गुरुजी कुठे दिसेनात, म्हणून त्याने अनसूयाबाईंनाच विचारले.

"मास्तर व्हय?" अनसूयाबाई खिडकीतून म्हणाल्या. "ते आता सकाळचे येत न्हाईत. इथं काय काम उरलंय त्यांना?"